पदवीनंतर एमबीबीएस: इंदूरहून अर्ज करताना

चार वर्षांच्या बी.एस्सी.तून तिसऱ्याच वर्षी पदवी घेऊन बाहेर पडायचं आणि एमबीबीएसकडे वळायचं ठरवलं असेल, तर आधी हे समजून घ्या: त्या प्रवेशात पदवीला वजन नाही. होळकर सायन्स कॉलेजात तुम्ही पहिले आलात की काठावर पास झालात, कोणी विचारत नाही. गुणवत्ता यादी नीट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते, पात्रता बारावीच्या मार्कशीटवर ठरते. लवकर पदवी घेतल्याने मिळतो तो फक्त वेळ.

वयाची काळजी सोडा. कमाल वयाची अट एनएमसीने, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, काढून टाकली, तसं 2022 मध्ये जाहीरही झालं. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण हवीत, एवढंच. किती वेळा परीक्षा द्यावी यावरही बंधन नाही. मात्र प्रवेशापासून 9 वर्षांत एमबीबीएस पूर्ण करावं लागतं, म्हणून तिशीनंतर येणाऱ्यांनी घरचा खर्च आधीच मांडून ठेवावा.

आता बारावीची मार्कशीट काढून बघा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही मिळून 50 टक्के हवेत; एससी, एसटी, ओबीसींना 40. इंग्रजीतही पास हवं. बारावीला गणित घेतलं होतं, बायोलॉजी नव्हतं? नोव्हेंबर 2023 पासून मान्यताप्राप्त बोर्डातून तो विषय नंतर जोडून घेता येतो. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात. आदल्या वर्षीची ऑक्टोबरची परीक्षा धरा. एप्रिलवर विसंबलात तर नीट मेच्या सुरुवातीला होऊन जाते आणि कौन्सेलिंग आलं तरी मार्कशीट हातात नसते. प्रॅक्टिकल चुकवू नका.

नीटला 180 प्रश्न, 720 गुण, 3 तास. चूक उत्तराला एक गुण वजा. त्यातले 360 गुण बायोलॉजीचे. बी.एस्सी. झालेल्यांची गंमत अशी की बायोलॉजीत त्यांना जास्त येतं आणि तिथेच ते चुकतात, कारण उत्तर अकरावी-बारावीच्या एनसीईआरटीतल्या वाक्याप्रमाणे हवं असतं. झूलॉजी-बॉटनीवाल्यांचं फिजिक्स मात्र तीन वर्षांत पार गंजलेलं असतं. इंदूरच्या भंवरकुआं भागातला क्लास लावायचाच तर निदान फिजिक्ससाठी लावा.

खरी गडबड होते ती कोट्यात. सरकारी कॉलेजांच्या 15 टक्के जागा एमसीसी ही केंद्राची कौन्सेलिंग समिती भरते, बाकीच्या राज्य. म्हणजे एमजीएम या इंदूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या जागा दोन्हीकडे आहेत आणि नोंदणीही दोनदा करावी लागते. एमसीसीत नाव घातलं की राज्यात आपोआप आलं, असं होत नाही. राज्याच्या जागांसाठी मध्य प्रदेशचं मूळ निवासी प्रमाणपत्र लागतं. ते लोकसेवा केंद्रातून निकालाआधीच काढून ठेवा, निकालानंतर तिथे रांग असते.

आपल्याकडच्या मराठी घरांमध्ये हमखास निघणारा विषय म्हणजे महाराष्ट्र. आत्या पुण्यात असली तरी तिथल्या 85 टक्के कोट्यात दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते, शिवाय तिथलं अधिवास प्रमाणपत्रही. इंदूरला शिकलेल्यांना तो कोटा नाही. आजोबांचा सोलापूरचा जातीचा दाखलाही मध्य प्रदेशच्या राज्य कोट्यात चालत नाही. ओबीसी असाल तर एमसीसीसाठी तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का पाहा आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षातलं काढा.

नावाचंही असंच. आपण आधारवर वडिलांचं नाव मध्ये घालतो, पण इथल्या मार्कशीटवर बहुतेकदा फक्त नाव आणि आडनाव असतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचा गोंधळ दुप्पट. फॉर्म दहावीच्या मार्कशीटप्रमाणे भरा आणि आधार आधीच त्याच्याशी जुळवून घ्या.

बारावीनंतरची वर्षं कुठे गेली याचं गॅप शपथपत्र स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ठेवा. बी.एस्सी. चालू असेल तर बारावीची मूळ मार्कशीट आणि टीसी कॉलेजच्या ताब्यात असू शकते. ती सोडवायला नो-ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, लागतं, त्यावर लायब्ररीपासून लॅबपर्यंत सह्या घ्याव्या लागतात, आणि जागा मिळाल्यावर रिपोर्टिंगला थोडेच दिवस मिळतात. नो-ड्यूजचा अर्ज जूनमध्येच द्या, आणि बाहेर पडायचं नक्की झाल्याशिवाय टीसी मात्र काढू नका. जागा मिळाली नाही तर चौथं वर्ष हातात राहतं.