घरच्या घरी सरमिसळ डीजे मिक्स

लावणी, हाउस (चार ठोक्यांचे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत), कोळीगीत आणि जुना जॅझ एकाच तासात बसवायचे असतील, तर गाणी निवडतानाच त्यांची लय तपासावी. व्हर्च्युअल डीजेसारखे सॉफ्टवेअर दर मिनिटाचे ठोके, म्हणजे बीपीएम, मोजून देते. मात्र ढोलकीच्या आडव्या बोलांवर ते चुकू शकते, म्हणून ठोके स्वतः बोटाने टॅप करून पडताळावेत. ८५ बीपीएमचे गाणे १७० च्या ड्रम अँड बेसला, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताला, सहज जुळते, कारण पहिल्याच्या एका ठोक्यात दुसऱ्याचे दोन मावतात. खरी अडचण तालाची असते. दादऱ्याच्या ६ मात्रा हाउसच्या ४ ठोक्यांवर लादल्यास सगळेच घसरते. अशा ठिकाणी मिश्रणाचा हट्ट सोडून आधीच्या गाण्याचा शेवटचा सूर प्रतिध्वनीत विरू द्यावा आणि पुढचे गाणे नुसत्या आलापाने सुरू करावे. (मला तर मिक्समधली हीच जागा सर्वांत जास्त आवडते.) एरवी १६ किंवा ३२ ठोक्यांचा सांधा पुरतो, तेवढ्या वेळात दोन्ही गाण्यांचा बेस (खालचे, घुमणारे सूर) एकदम वाजू न देता पहिल्याचा उतरवूनच दुसऱ्याचा चढवावा.

ध्वनिमुद्रणाची पातळी लाल पट्ट्यात जाऊ देऊ नये, कारण फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही. मित्रांना पाठवण्यासाठी ३२० केबीपीएसची (दर सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ पुरेशी आहे. जाहीर करायचे असल्यास मिक्सक्लाउड हे मिक्स ऐकवणारे संकेतस्थळ बरे, कारण त्याने अशा मिक्ससाठी हक्कधारकांशी करार केलेले आहेत. सोबत गाण्यांची नावे क्रमाने द्यावीत आणि ठाऊक असल्यास गायिकेबरोबर ढोलकीवादकाचेही नाव लिहावे.