आधी पोटावर हात

आठव्या-नवव्या महिन्यातली बाई "सिस्टर, अंगावरून जातंय" म्हणत आली की नवीन मुलींचा हात सवयीने ग्लोव्हजकडे जातो. तिथंच थांबायचं. वार (प्लॅसेंटा) कुठं आहे हे सोनोग्राफीत दिसेपर्यंत पीव्ही, म्हणजे बोटं घालून आतली तपासणी, नाही म्हणजे नाही. वार गर्भपिशवीच्या तोंडावर असेल तर बोट लागताच रक्ताची धार सुटते.

मी आधी पोटावर हात ठेवते आणि कळ सरली तरी उचलत नाही. पोट मऊ, दुखणं नाही, रक्त लालभडक, बाळाचं डोकं वर तरंगतंय किंवा बाळ आडवं, तर वार खाली आहे असं धरून चाला. हे रक्त आपोआप थांबतं आणि नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. सोडू नका, ते पुन्हा जातं. आधीचं सिझर असेल तर वार जुन्या टाक्यांत रुतलेली असू शकते. तिचं बाळंतपण ब्लड बँक असलेल्या मोठ्या ठिकाणीच.

पोट लाकडासारखं टणक, हात लावू देत नाही, दोन कळांच्या मधेही सैल पडत नाही, तर वार सुटली समजा. इथं पॅड फसवतो, कारण रक्त वारेमागे साठतं. माझ्या नाइटला एक आली होती. पॅडवर रुपयाएवढा काळपट डाग, बीपी ११०/७०. मला हायसं वाटलं. मग कार्ड उलटलं, तर आठवड्यापूर्वीचं बीपी १६०/१००! नाडी १२४. तेव्हापासून मी जुनं बीपी बघितल्याशिवाय नवं 'नॉर्मल' लिहीत नाही. गरोदरपणी नाडी आधी चढते, बीपी फार उशिरा पडतं.

पाणमोट फुटताक्षणी थोडं रक्त आणि बाळाचे ठोके एकदम खाली, तर ते रक्त बाळाचं असू शकतं. आई ठणठणीत दिसते म्हणून थांबू नका, डॉक्टरांना ओरडून बोलवा.

बाकी हात आपोआप चालले पाहिजेत: डावी कूस, शिरेत १६ किंवा १८ नंबरच्या दोन जाड सुया, रिंगर लॅक्टेटचं सलाइन, ग्रुप-क्रॉसमॅच (रक्तगट आणि रक्ताची जुळणी), लघवीसाठी कॅथेटर, पाठवायचं असेल तर १०८. साध्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन मुठीत धरा. ७ मिनिटांत घट्ट गुठळी झाली नाही, तर रक्त गोठत नाहीये, हे फोनवर पहिल्या वाक्यात सांगा.

आणि सासूला विचारा, घरी किती फडकी भिजली. ती बहुतेक वेळा धुऊन वाळत घालून आलेली असते.