धुतल्यावर नॅनोक्रिस्टलची चमक जाते? माझा अनुभव
सिझियम लेड ब्रोमाइडचे नॅनोक्रिस्टल (काही नॅनोमीटरचे, द्रवात तरंगणारे स्फटिक) यूव्ही दिव्याखाली झगझगीत हिरवे दिसायचे. उरलेली रसायनं काढायला ॲसिटोनने दोनदा धुतले की तोच द्रव मलूल. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी मात्र ५१५ नॅनोमीटरच्या आसपासच. म्हणजे स्फटिक शाबूत, बिघाड पृष्ठभागावर.

नवं टोल्युइन (स्फटिक ज्यात तरंगतात तो द्रव), हवेऐवजी नायट्रोजन, जादा ओलेइक ॲसिड, कशानेच फरक पडला नाही. जीव मेटाकुटीला आला. दोष ॲसिटोनचा होता: ते लिगंड (स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याला जपणारे रेणू) ओढून नेतं, सोबत ब्रोमाइडही जातो, आणि त्या रिकाम्या जागांशी ऊर्जा प्रकाश न देताच विरते.

आता आधी मिथाइल ॲसिटेटने एकदाच धुतो. गाळ लगेच कोरड्या टोल्युइनमध्ये. मग गेलेला ब्रोमाइड आणि लिगंड भरून काढायला टोल्युइनमध्ये विरघळवलेलं डायडोडेसिल-डायमिथाइल-अमोनियम ब्रोमाइड थेंबथेंब, ढवळत, दिव्याखाली बघत. चमक वाढायची थांबली की हात आवरा. जास्त झालं तर स्फटिकाची रचनाच बदलते.