‘डिलॅपिडेटेड’ की ‘डिक्रेपिट’? नेमका शब्द कसा निवडावा

पडक्या वाड्यासाठी इंग्रजी शब्द शोधायला गेलं की हे दोन्ही समोर येतात. एकाच्या जागी दुसरा टाकला तरी व्याकरण काही तक्रार करत नाही, म्हणून घोळ खपून जातो.

आधी पाहा, बोलणं कशाबद्दल चाललंय. माणूस किंवा जनावर असेल तर डिलॅपिडेटेड बाद. तो घर, कुंपण, गाडी, फर्निचर यांचा शब्द. डिक्रेपिट मात्र म्हाताऱ्या घोड्यालाही लागतो आणि खिळखिळ्या जिन्यालाही.

वस्तूच असेल, तर तिची ही दशा कशाने झाली ते विचारा. खरी मेख इथे आहे. डिलॅपिडेटेडमध्ये हेळसांडीचा ठपका असतो. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ उधळून टाकणं, आणि त्यात ‘लापिस’ म्हणजे दगड दडलेला आहे. इंग्लंडमध्ये भाडेकरूने करारानुसार करायची दुरुस्ती केली नाही, तर त्याबद्दलच्या दाव्याला आजही डिलॅपिडेशन्स म्हणतात. म्हणजे जबाबदार कुणीतरी आहे! डिक्रेपिटमध्ये दोष वयाचा. त्याच्या मुळाशी करकरण्याचा आवाज आहे असं मानतात. पंधरा वर्षांतच गिलावा सुटलेली, गळकी इमारत डिलॅपिडेटेड. तिला डिक्रेपिट म्हणणं म्हणजे तरण्याताठ्याला जख्खड म्हणणं. उलट, वर्षानुवर्षं तेलपाणी करूनही आता थकलेलं यंत्र डिक्रेपिट. जुनंही आणि दुर्लक्षितही असेल तर दोन्ही चालतील. तुम्हाला बोट कशाकडे दाखवायचंय त्यावर ठरवा.

मग वाचणारा कोण ते बघा. महापालिकेला किंवा म्हाडाला पत्र असेल तर डिलॅपिडेटेडच. सरकारी इंग्रजीत तोच रुळलाय. पण नुसत्या विशेषणावर भिस्त नको. मुंबई महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडायची इमारत. तसा शेरा मिळालेला असेल तर पत्रात तो आधी लिहा, विशेषण नंतर.

रजेच्या अर्जात मात्र आजोबांना डिक्रेपिट करू नका. अर्थ बसतो, पण सूर हेटाळणीचा लागतो. तिथे फ्रेल, म्हणजे अशक्त, हा शब्द बरा.

राहिलं स्पेलिंग. डिलॅपिडेटेड डी-आयने सुरू होतो, डिक्रेपिट डी-ईने. आणि डिक्रेपिटच्या शेवटी टी आहे, डी नव्हे.