शेपटी पांढरी पडल्यावर औषध नाही: झिंगा पाळताना या चुका टाळा

ऑगस्टमधल्या एका पहाटे मी आमच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, झिंग्याची वीस हजार पिल्लं सोडली. नवव्या दिवशी काठाच्या गवताला धरून काही पिल्लं निपचित पडलेली दिसली. उचलून हातावर घेतली तर शेपटीकडचं मांस शिजवल्यासारखं पांढरं. चौदाव्या दिवशी जाळं ओढलं, तेव्हा मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मधल्या पाच दिवसांत मी दुकानदाराने दिलेली पावडर पेंडीत कालवून घातली, मग दुसरी बाटली आणली. दोन्ही अँटिबायोटिक. पैसे गेले आणि वेळही गेला. हा रोग विषाणूचा आहे आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, एवढी साधी गोष्ट तेव्हा मला कोणी सांगितली नाही. म्हणून हे लिहितो आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे रोहू-कटल्याच्या जोडीला गोड्या पाण्यातला मोठा झिंगा सोडायचा विचार करणाऱ्याने बीजाचे, म्हणजे पिल्लांचे, पैसे मोजण्याआधी हे वाचावं.

या रोगाला पांढऱ्या शेपटीचा रोग म्हणतात. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावर १९९७ मध्ये त्याची नोंद झाली, आणि पुढच्या काही वर्षांत तो आपल्या देशातल्या हॅचऱ्यांतही, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रांतही, सापडला. एक नोडाव्हायरस आणि त्याच्या सोबतीने राहणारा आणखी एक अगदी लहान विषाणू, असे दोन मिळून तो होतो. पूर्ण वाढलेल्या झिंग्याला सहसा काही होत नाही. मरतात ती पिल्लं. लक्षणं दिसल्यापासून पाच-सहा दिवसांत शंभरातली नव्वदहून जास्त जाऊ शकतात. माणसाला हा विषाणू लागत नाही, तेवढी भीती मनातून काढून टाका.

सगळ्यात महागडी चूक: बीज डोळ्यांनी पारखणं

झिंग्याच्या अळीला सुरुवातीचा महिनाभर मचूळ, किंचित खारं पाणी लागतं. त्यामुळे आपल्याकडे येणारं बहुतेक बीज समुद्रकाठच्या हॅचरीतून रात्रभर प्रवास करून येतं. गाडीतून पिशव्या उतरतात, पिल्लं टणाटण उड्या मारताना दिसतात आणि आपण खूश होतो. मीही झालो होतो. पण विषाणू आईच्या अंड्यांतून पिल्लांत उतरतो. आई धडधाकट दिसते, पिल्लंही पहिले काही दिवस धडधाकटच दिसतात. उड्या बघून काहीच कळत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही नाही. कळतं ते आरटी-पीसीआरसारख्या, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या, प्रयोगशाळेतल्या तपासणीत.

म्हणून बीज बुक करतानाच त्या घाण्याचा, म्हणजे त्याच बॅचचा, तपासणी अहवाल मागा. ‘आमच्या हॅचरीत कधी रोग आला नाही’ हे उत्तर अहवाल नव्हे. गेल्या वर्षीचा कागद दाखवला तर तोही चालत नाही. नमुना किती पिल्लांचा घेतला तेही विचारा. मोठ्या बॅचमध्ये शंभरात दोन पिल्लं बाधित असतील, तर ती पंच्याण्णव टक्के खात्रीने सापडायला साधारण दीडशे पिल्लांचा नमुना लागतो. पाच-दहा पिल्लं तपासून आलेल्या ‘निगेटिव्ह’ला फारसा अर्थ नाही.

एकट्या शेतकऱ्याला तपासणी परवडत नाही, हे खरं आहे. मग गावातल्या चार-पाच जणांनी किंवा मच्छीमार सोसायटीने मिळून एकाच बॅचचं बीज घ्यावं आणि खर्च वाटून घ्यावा. वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडून थोडं थोडं घेऊन एकाच पाण्यात मिसळणं मात्र टाळा. त्यात प्रत्येकाचा रोग सगळ्यांना मिळतो.

अहवाल चांगला असला तरी पिल्लं थेट बोडीत सोडू नका. दहा-पंधरा दिवस सिमेंटच्या टाकीत वेगळी ठेवा. टाकीत रोग निघाला तर टाकी धुता येते, बोडी धुता येत नाही.

पांढरं दिसलं म्हणजे हाच रोग, असंही नाही

प्रवासाचा ताण, पिशवीतलं तापलेलं पाणी, ऑक्सिजनची कमतरता, या सगळ्यांनीही मांस पांढुरकं होतं. फरक असा, की ताणाने आलेला पांढरेपणा पिल्लं उतरवताच दिसतो, आणि पाणी सुधारलं, वेळेत हवा मिळाली तर बरीचशी पिल्लं पुन्हा पारदर्शक होतात. रोगाचा पांढरेपणा शेपटीकडून सुरू होतो, डोक्याकडे सरकतो आणि रोज जास्त पिल्लांत दिसतो. पिल्लं खाणं सोडतात, काठाला येऊन पडतात. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.

ताणाची भर आपण घालू नये म्हणून पिशव्या पहाटे किंवा सूर्य कलल्यावर उघडा. आधी वीस-तीस मिनिटं बोडीच्या पाण्यावर तरंगू द्या, मग त्यात बोडीचं पाणी थोडं थोडं मिसळा.

मागच्या वर्षीचे झिंगे राखून ठेवणं

‘मोठे आहेत, पुढच्या साली आणखी वजन भरेल’ म्हणून चार-दोन किलो झिंगे बोडीत सोडले जातात. त्यांना काही होत नाही, पण विषाणू त्यांच्या अंगात असू शकतो आणि नव्या पिल्लांची गाठ आधी त्यांच्याशीच पडते. चतुराची पिल्लं, पाणढेकूण, पाणभुंगेरे या किड्यांतही हा विषाणू सापडलेला आहे. म्हणून हंगाम संपल्यावर बोडी पूर्ण रिकामी करा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन या कामात मोठी मदत आहे. गाळाला तडे जाईपर्यंत तापू द्या, मग माती तपासून चुना टाका. पाणी घेताना पाटाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा.

जाळं, बादल्या, टोपली दुसऱ्याच्या तळ्यातून आणली असतील तर ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवून, खळखळून धुऊन उन्हात कडक वाळवा. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि तेच सगळे विसरतात.

रोग दिसल्यावर पाणी सोडणं

ही माझी दुसरी चूक, आणि मला पहिलीपेक्षा जास्त बोचते. घाबरून मी बोडीचं तोंड मोकळं केलं. आपल्या मालगुजारी तलावांची रचनाच अशी आहे, की वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरतो. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी धानाला पाणी पोचावं म्हणून ही साखळी बांधली. त्याच वाटेने माझं पाणी खालच्या तलावात गेलं. तो ढिवर बांधवांच्या सोसायटीचा होता. त्यांनी अजून झिंगा सोडला नव्हता, आणि त्या वर्षी सोडलाही नाही.

शंका येताच आधी पाणी अडवा. खाद्य थांबवा. मेलेली पिल्लं गोळा करून पाण्यापासून लांब, चुना टाकून खोल पुरा. कोंबड्या-बदकांना घालू नका, गळाला आमिष म्हणून विकू नका. पिल्लं वाचत नाहीत हे ठरल्यावर आणि बोडीत दुसरे मासे नसतील तर ब्लिचिंग पावडर टाका. कोळंबीच्या तळ्यांत साधारण ६० पीपीएमची मात्रा वापरतात, म्हणजे एक हजार घनमीटर पाण्याला ६० किलो. त्यानंतर किमान आठवडाभर थेंबही बाहेर जाऊ देऊ नका.

ब्लिचिंग टाकण्याआधी मात्र मरणाला टेकलेली, अजून जिवंत असलेली पिल्लं बाजूला काढा. सडलेली पिल्लं तपासणीला निरुपयोगी असतात. पंच्याण्णव टक्के अल्कोहोलमध्ये घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, वर तारीख आणि बोडीचा पत्ता लिहा, आणि नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाशी किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी बोलून नमुना कुठे पाठवायचा ते ठरवा. आणि त्याच दिवशी खालच्या तलावाच्या सोसायटीला फोन करा, अहवाल येण्याची वाट न बघता.