जुनी स्नोमोबाइल ओव्हरफ्लो होत असेल तर

जुनी टू-स्ट्रोक स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) ओव्हरफ्लो झाली, म्हणजे इंजिनात जास्त पेट्रोल भरलं, की नुसती स्टार्टरची दोरी ओढत बसू नका. चोक बंद करा, किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) दाबा, स्पार्क प्लग काढा आणि थ्रॉटल पूर्ण उघडून पाच-सहा वेळा दोरी ओढा. प्लगच्या भोकांतून पेट्रोल उडतं, त्यामुळे आग-ठिणगी लांबच हवी! प्लग पुसून लावा.

पुन्हा तेच झालं तर कार्बोरेटरची वाटी उघडा. नीडल व्हॉल्व्हच्या, म्हणजे पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या, टोकाला गोल खाच पडली असेल तर नीडल आणि ती बसते ती सीट दोन्ही बदला. फ्लोट (वाटीत पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग) कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर तो गेला.

एक जागा मात्र हमखास राहून जाते. फ्युएल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल पल्सच्या नळीतून (क्रँककेसमधला दाब पंपाला देणारी नळी) थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरतं. नळी पंपाकडून काढा. आत पेट्रोल दिसलं तर आधी पंप दुरुस्त करा.