जुन्या केसमधून कागदोपत्री मोकळं कसं व्हायचं

गेल्या वर्षी पोलीस भरतीत निवड झालेला एक मुलगा माझ्या ऑफिसात आला. हातात चारित्र्य पडताळणीचा फॉर्म. सगळे रकाने निळ्या पेनाने भरलेले, एकच मोकळा: आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता का? तिथे पेन्सिलीने ‘नाही’ लिहून खोडलेलं दिसत होतं. खोडताना कागद जरा विरलाही होता. "‘नाही’ टाकलं तर चालंल का, मॅडम?"

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वीस वर्षांहून जास्त काळ वकिली करते. हा प्रश्न मला दर भरतीच्या हंगामात ऐकावा लागतो आणि प्रत्येक वेळी पोटात कालवतं. कारण केस बारीक असते, पण लपवल्यामुळे नोकरी जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग खटल्यात हा विषय सविस्तर मांडला आहे: माहिती खरी द्यायची, आणि मग केस किती किरकोळ, निकाल काय लागला, हे नोकरी देणाऱ्याने तपासून ठरवायचं. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच असं नाही. पण लपवलेलं सापडलं तर तेवढंच कारण काढून टाकायला पुरू शकतं. म्हणून फॉर्मवर आधी ‘होय’ लिहा. मग पुढच्या कामाला लागा.

आता मुख्य गोष्ट. प्रौढ माणसाची नोंद अर्ज करून पुसून टाकता येईल असं सरसकट कलम आपल्या कायद्यात नाही. ‘नाव काढून देतो’ म्हणत पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. आपल्याकडे रेकॉर्ड साफ होतं ते दोन गोष्टींनी: केसचा शेवट नीट करून घेतला, आणि त्या शेवटाचा कागद पोलिसांच्या नोंदीपर्यंत पोचवला. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात.

सुरुवात शोधापासून करा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा, कोर्ट, वर्ष आणि नाव टाकून पाहा. पोलीस ठाणं आणि गुन्हा रजिस्टर नंबर माहीत असेल तर त्यावरूनही केस सापडते. स्वतःचं नाव वेगवेगळ्या तऱ्हेने टाका, वडिलांचं नाव आधी, आडनाव आधी. ती नुसती एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) आहे, चॅप्टर केस (शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई) आहे की दखलपात्र गुन्हा, हे समजून घ्या. ‘माझ्यावर केस आहे’ म्हणत दहा वर्षं मान खाली घालून वावरलेल्या एका बाईंच्या नावावर फक्त शेजारणीने दिलेली एनसी निघाली होती.

पोलिसांनी तपास करून समरी, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवली असेल तर ती ‘अ’, ‘ब’ की ‘क’ हे बघा. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजुतीतून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून झालेली. पण मॅजिस्ट्रेटने ती समरी मंजूर केल्याचा आदेश हवा. तो नसेल तर केस लोंबकळतच राहते.

केस कोर्टात चालू असेल आणि दोन्ही बाजूंचं मिटलं असेल, तर कलमं वाचा. नुसती मारहाण, शिवीगाळ, धमकी, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेची 323, 504, 506, एवढंच असेल तर खालच्याच कोर्टात तडजोड होते आणि तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. त्या मुलाचं मात्र तसं नव्हतं. 2019 साली बांधावरून भावकीत भांडण झालं, चुलत्याने फिर्याद दिली, घरातल्या झाडून सगळ्यांची नावं घातली. हा तेव्हा एकोणीस वर्षांचा. कलमं 143, 147, 324, म्हणजे बेकायदा जमाव, दंगा आणि हत्याराने दुखापत. ही कोर्टाबाहेर मिटवली तरी खालच्या कोर्टात मिटत नाहीत. मधल्या काळात चुलत्याच्या मुलीच्या लग्नात याच मुलाने मांडव घातला होता, तरी कागदावर ते एकमेकांचे वैरीच होते.

अशा वेळी उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून मागायचा. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 482, आता 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 528. ग्यान सिंग खटल्यात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाद खासगी स्वरूपाचा असेल तर तडजोडीवरून असा गुन्हा रद्द होऊ शकतो. खून, बलात्कार, दरोडा यांना हा रस्ता नाही. नवरा-बायकोच्या 498 अ च्या, म्हणजे सासरच्या छळाच्या केसेसही मिटल्यावर याच वाटेने जातात. एफआयआर आणि दोषारोपपत्राची प्रत, फिर्यादीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र आणि ओळखपत्र एवढी तयारी आधी ठेवा. फिर्यादीला स्वतः हजर राहावं लागू शकतं, आणि दबाव होता का हे कोर्ट त्याला विचारू शकतं. आमच्या भागातल्या लोकांना यासाठी मुंबई गाठावी लागायची, रात्रीची गाडी, वर मुक्कामाचा खर्च. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. चुलते सकाळी धारा काढून निघाले आणि संध्याकाळच्या धारेला घरी होते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आता एक कळकळीची विनंती. झाडाखाली पत्ते खेळताना पकडलेली पोरं कोर्टात ‘कबूल आहे’ म्हणतात, दोन-तीनशे रुपये दंड भरतात आणि सुटलो म्हणून घरी जातात. सुटलेली नसतात. गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषी ठरणं. कबुली देण्याआधी वकिलाशी दहा मिनिटं बोला. दोषी ठरणारच असाल तर 1958 च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ मागा. ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर कोर्ट सोडू शकतं, आणि त्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दोषाचा निष्कर्ष मात्र पुसला जात नाही, त्यामुळे फॉर्मवर तोही लिहायचा. शिक्षा झालेली असेल तर सत्र न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवसांची आहे. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, पण कारण पटणारं लागतं.

घटनेच्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण नसतील तर कायदा खरोखर मायेने वागतो. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 24 प्रमाणे ती नोंद पुढे अपात्रता ठरत नाही आणि बाल न्याय मंडळाने ती नष्ट करण्याचा आदेश द्यायचा असतो. अपवाद सोळा ते अठरा वयातल्या, गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा.

निकाल लागला की त्याच आठवड्यात नक्कल विभागात अर्ज करा. प्रमाणित प्रती निदान तीन घ्या. एक प्रत अर्जासोबत पोलीस ठाण्यात द्या आणि ‘संगणकीय नोंदीत निकाल भरावा’ असं स्पष्ट लिहा. आपल्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. महिनाभराने पुन्हा जाऊन बघून या. आमच्याच एका अशिलाची निर्दोष सुटका होऊन सहा वर्षं झाली होती, तरी ठाण्याच्या नोंदीत ‘न्यायप्रविष्ट’ होतं. ते पासपोर्टच्या वेळी कळलं. केस खरंच चालू असेल तर पासपोर्टसाठी त्या कोर्टाची परवानगी मागता येते, 1993 च्या अधिसूचनेत तशी सोय आहे.

त्या मुलाने फॉर्मवर ‘होय’ लिहिलं, पुढे केस नंबर आणि ‘प्रलंबित’. उच्च न्यायालयाचा आदेश मिळाल्यावर तो पुरवणी अर्जासोबत अधीक्षक कार्यालयात नेऊन दिला. मूळ प्रत त्याची आई लॅमिनेट करायला निघाली होती. मी नको म्हटलं. मागच्या बाजूचे शिक्के आणि सही कुणाला तपासायची असते. आता ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्यांच्या फायलीत आहे.